अमेरिकेतल्या ख्रिस्ती परंपरावादी राजकारणाची बातमी कशी वाचावी

‘अमेरिकेतल्या ख्रिस्ती समाजाने निर्णयाचं स्वागत केलं’ असं वाक्य दिसलं की आधी विचारायचं: यातल्या कोणी? प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीत ३६,९०८ प्रौढांना प्रश्न विचारले गेले. त्यात ६२ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं: ४० टक्के प्रॉटेस्टंट, १९ टक्के कॅथलिक, बाकी इतर. एवढ्या सगळ्यांचं एका निर्णयावर एकमत होईल असं बातमी लिहिणाऱ्यालाही वाटत नसतं. त्याला मथळा लहान हवा असतो, इतकंच.

बातमी, लेख किंवा भाषण समोर आलं की कागदावर चार रकाने आखा: कोण बोललं, कोणाच्या वतीने, नेमक्या कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या साली. सालाचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा बॅप्टिस्ट चर्चचा देशव्यापी संघ आज गर्भपाताचा ठाम विरोधक आहे. पण १९७१ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात याच संघाने बलात्कार, रक्ताच्या नात्यातून राहिलेला गर्भ, गर्भातलं गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत कायद्याने गर्भपाताला वाव द्यावा, असा ठराव केला होता. १९८० उजाडेपर्यंत सूर बदलला. ‘चर्चची भूमिका पहिल्यापासून हीच’ असं कोणी लिहिलं तर साल विचारा. कॅथलिकांच्या बाबतीत ते बरंचसं खरं निघेल, बॅप्टिस्टांच्या बाबतीत निघणार नाही.

बोलणारा ओळखा

पहिली चाळणी सोपी आहे: हे चर्च आहे की संघटना? फॅमिली रिसर्च कौन्सिल, हेरिटेज फाउंडेशन, अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम ही नावं बातम्यांत सारखी येतात. यातलं एकही चर्च नाही. पहिली दबावगट आहे, दुसरी धोरणं सुचवणारी अभ्याससंस्था आणि तिसरी वकिलांची. त्यांना देणगीदार असतात, रविवारी बाकांवर बसणारे लोक नसतात. १९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी उभी केलेली ‘मॉरल मेजॉरिटी’ याच जातीची होती. तिचा आवाज दहा वर्षं देशभर घुमला आणि १९८९ मध्ये ती बंदही झाली. अशा संस्थांची विधानं लॉबीची विधानं म्हणून वाचा. ती चुकीची असतीलच असं नाही, पण श्रद्धावानांचं मत मोजून काढलेली ती नक्की नसतात.

दुसरी चाळणी: चर्च असेल तर कोणतं? कॅथलिकांत पोप, बिशप, धर्मगुरू अशी उतरंड आहे. सदर्न बॅप्टिस्टांत प्रत्येक स्थानिक चर्च स्वतंत्र असतं. कोणत्याही पंथात नसलेल्या मोठाल्या चर्चमध्ये तिथला पाळक म्हणेल ते. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, एपिस्कोपल या जुन्या ‘मेनलाइन’ पंथांत उदारमतवादी सूर जास्त ऐकू येतो, आणि त्यावरून तिथे फाटाफूटही झाली आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये शार्लटच्या अधिवेशनात समलिंगी धर्मगुरूंवरची बंदी उठवली. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत ७,६०० हून अधिक स्थानिक चर्च, म्हणजे या पंथाच्या अमेरिकेतल्या चर्चपैकी साधारण चौथाई, त्यातून बाहेर पडली होती.

आणि मग कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट. परदेशी वाचकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पवित्र शास्त्राचा (बायबलचा) अधिकार, प्रार्थना, चर्चला नेमाने जाणं या बाबतीत हे लोक श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांइतकेच (बायबलचा शब्द अंतिम मानणारे आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारे प्रॉटेस्टंट), कधी जास्तच परंपरानिष्ठ असतात. मतदान मात्र दहांपैकी आठहून अधिक जण डेमोक्रॅटिक पक्षाला करतात. श्रद्धेने परंपरावादी आणि राजकारणाने परंपरावादी हे दोन वेगळे रकाने आहेत. एकात खूण केली म्हणून दुसऱ्यात आपोआप करू नका.

ठरावाचं वजन मोजा

जून २०२५ मध्ये डॅलसला सदर्न बॅप्टिस्टांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणारा २०१५ चा ‘ओबरगेफेल’ निकाल उलटवावा, असा ठराव मंजूर केला. बातमी जगभर गेली. ती वाचताना हे माहीत हवं की असा ठराव स्थानिक चर्चवर बंधनकारक नसतो. अधिवेशनाला आलेल्या प्रतिनिधींचं त्या दिवशीचं मत, एवढाच त्याचा अर्थ. तो साध्या बहुमताने होतो. संघाची घटना बदलायची तर सलग दोन वर्षं दोन-तृतीयांश मतं लागतात. स्त्री पाळक असलेल्या चर्चना वगळणारी घटनादुरुस्ती २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये साठ-एकसष्ट टक्क्यांवर अडकली. म्हणजे बहुमत मिळालं आणि दुरुस्ती पडली. मथळ्यावरून यातलं काहीच कळत नाही.

कॅथलिकांत वजनाच्या पायऱ्या आणखी ठळक आहेत. सर्वांत वर श्रद्धेची शिकवण, जी प्रश्नोत्तरीत, म्हणजे कॅटेकिझममध्ये लिहिलेली असते. त्याखाली पोपची पत्रं. मग देशातल्या बिशपांच्या परिषदेची निवेदनं. सर्वांत खाली एखाद्या बिशपचं किंवा कॅथलिक राजकारण्याचं मत. गर्भपाताचा विरोध वरच्या पायरीवर आहे. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझममध्ये बदल करून मृत्युदंड अमान्य ठरवला, तेव्हा तोही त्याच पायरीवर गेला. रिपब्लिकन पक्षातल्या कितीतरी कॅथलिकांना तो बदल पचलेला नाही. स्थलांतराच्या प्रश्नावर अमेरिकेच्या बिशपांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोरला सरसकट हद्दपारीविरुद्ध विशेष संदेश काढला. बाजूने २१६, विरोधात ५. असा विशेष संदेश त्यांनी बारा वर्षांत काढला नव्हता, आणि आधीचा होता तो ओबामा सरकारने विम्यात गर्भनिरोधकं देण्याची सक्ती केली त्याविरुद्ध. हे बिशप उजवे की डावे, असा प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच. त्यांची यादी कोणत्याही पक्षाच्या यादीशी जुळत नाही.

युक्तिवादाची जात ओळखा

इथे वेळ घाला, कारण पुढचं बरंचसं यावर उभं आहे. गर्भपाताला विरोध करणारे तीन लेख घ्या. पहिल्यात स्तोत्रसंहिता १३९ येईल: तू माझ्या आईच्या उदरात माझी घडण केलीस. हा शास्त्रवचनाचा युक्तिवाद. दुसऱ्यात एकही वचन नसेल. भ्रूण हा मानवजातीचा स्वतंत्र, वाढणारा जीव आहे, निरपराध माणसाला मारणं अन्याय आहे, म्हणून हेही अन्याय आहे, अशी मांडणी असेल. हा निसर्गनियमाचा युक्तिवाद. तो मुख्यतः कॅथलिक परंपरेतून आला आणि आता इव्हँजेलिकलही सर्रास वापरतात. तिसरा लेख म्हणेल की अमेरिकेच्या घटनेत गर्भपाताचा हक्क कुठेच लिहिलेला नाही, सबब प्रश्न राज्यांच्या विधिमंडळांनी सोडवावा. हा घटनेचा युक्तिवाद आणि त्यात धर्माचा संबंधच नाही. तो मांडणारा माणूस गर्भपाताच्या बाजूचाही असू शकतो.

२४ जून २०२२ चा ‘डॉब्स’ निकाल तिसऱ्या जातीचा होता. न्यायालयाने गर्भ माणूस आहे असं कुठेही म्हटलं नाही. गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा ‘रो’ निकाल उलटवून त्याने प्रश्न राज्यांकडे परत पाठवला. कित्येक दशकं तिन्ही गट ‘रो’ निकालाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे होते, त्यामुळे ते एकच वाटायचे. निकाल लागला आणि त्यांच्या वाटा फुटल्या. पहिल्या दोन गटांना राज्यांवर सोडणं पुरेसं वाटत नाही, कारण अन्याय राज्याची सीमा ओलांडली म्हणून न्याय होत नाही. तिसऱ्याचं काम संपलं. त्यातच ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्क्यांनी फेटाळला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोने सुमारे ५७ टक्क्यांनी तो हक्क आपल्या घटनेत घातला. दोन्ही राज्यं रिपब्लिकनांची. जुलै २०२४ मध्ये मिलवॉकीला पक्षाचा जाहीरनामा आला तेव्हा कित्येक दशकं त्यात असलेली गर्भाच्या हक्कांसाठी घटनादुरुस्तीची मागणी गायब होती आणि विषय राज्यांवर सोडला होता. वर गर्भनिरोधक आणि आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याचा उपचार) यांना पाठिंबाही होता. एक महिन्यापूर्वीच सदर्न बॅप्टिस्टांनी आयव्हीएफमध्ये वाया जाणाऱ्या भ्रूणांबद्दल इशारा देणारा ठराव केला होता. जाहीरनामा आणि तो ठराव शेजारी ठेवून वाचा. ख्रिस्ती मतदार आणि पक्ष यांच्यातली दरी दहा मिनिटांत दिसते.

कोणताही युक्तिवाद खोडण्याआधी तो मांडणाऱ्याला पटेल अशा शब्दांत दोन-तीन ओळींत लिहून पाहा. जमलं नाही तर तुम्ही लेख वाचलेला नाही, त्याच्यावरची टीका वाचली आहे.

वचन आलं की मागचा-पुढचा मजकूर काढा

१४ जून २०१८ रोजी ट्रम्प सरकारचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी) जेफ सेशन्स इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये बोलले. सीमेवर आईबापांना मुलांपासून वेगळं करणाऱ्या धोरणावर टीका चालली होती. सेशन्स यांनी प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय पुढे केला: सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा, कारण देवाने त्यांना नेमलं आहे.

अशा वेळी तीन गोष्टी करा. एक, वचनाच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा श्लोक वाचा. पवित्र शास्त्रातले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलेले आहेत. पौलाच्या पत्रात ते नव्हते. म्हणून १२ व्या अध्यायाचा शेवट (शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे) आणि १३ वा अध्याय हा सलग मजकूर आहे, आणि पुढे दहाव्या श्लोकात प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही असं येतं. दोन, त्याच विषयावरचं दुसरं टोक शोधा. इथे ते प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. तीन, हे वचन आधी कोणी वापरलं ते पाहा. १८५० च्या पळून गेलेल्या गुलामांना परत पाठवण्याच्या कायद्याच्या समर्थकांनी हाच १३ वा अध्याय वाचला होता.

याचा अर्थ सेशन्स यांचा वापर आपोआप खोटा ठरतो असं नाही. सरकारला कायदा राबवण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट ख्रिस्ती परंपरेत पक्की आहे. प्रश्न एवढाच की तो अध्याय हे विशिष्ट धोरण योग्य ठरवतो का. त्याच आठवड्यात सदर्न बॅप्टिस्टांनी सीमासुरक्षा हवी, पण कुटुंबं एकत्र राहिली पाहिजेत असा ठराव केला, आणि ट्रम्प यांचे खंदे समर्थक असलेले इव्हँजेलिकल उपदेशक फ्रँकलिन ग्रॅहम यांनी ताटातुटीला लाजिरवाणं म्हटलं. मतभेद डाव्या-उजव्यांचा नव्हता, घरातलाच होता.

दुसरं उदाहरण अधिक खोल आहे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी मुलाखतीत सांगितलं की ख्रिस्ती विचारात प्रेमाला क्रम आहे: आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव, आणि त्यानंतर बाकी जग. त्यांनी संत ऑगस्टीनपासून चालत आलेल्या ‘ओर्दो आमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, या संकल्पनेचा दाखला दिला. व्हान्स २०१९ मध्ये कॅथलिक झाले. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं आणि तीच संकल्पना उचलून तिचं मर्म वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात (लूक, अध्याय १०) शोधायला सांगितलं; ख्रिस्ती प्रेम म्हणजे आतून बाहेर पसरत जाणारी हितसंबंधांची वर्तुळं नव्हेत, असं बजावलं. बहुतेक माध्यमांनी ‘पोपने व्हान्सना फटकारलं’ एवढंच छापलं. मूळ मजकूर शोधणाऱ्याला जास्त मिळतं. तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस प्रेमाचा क्रम खरोखर मान्य करतो. व्हान्स यांचा आधार काल्पनिक नव्हता. पण तोच अक्वायनस परोपकाराच्या चर्चेत म्हणतो की परका माणूस अत्यंत निकडीत असेल आणि बाप तितक्या निकडीत नसेल, तर आधी परक्याला मदत करावी. क्रम आहे, आणि गरज त्याला छेद देते. आमच्या मते व्हान्स यांनी अर्धा अक्वायनस वापरला.

न्यायालयाचा निकाल: क्रमाने वाचा

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी फुकट मिळतो. सुरुवातीची काही पानं ‘सिलॅबस’ असते. ती न्यायालयाचे कर्मचारी सोयीसाठी तयार करतात आणि ती निकालाचा भाग नसते. मुद्दे समजायला वाचा, अवतरण तिच्यातून घेऊ नका. नंतर बहुमताचं मत, मग सहमतीची स्वतंत्र मतं, शेवटी विरोधी मतं. आकडा बघताना नेमकं कशावर किती हे पाहा. ‘डॉब्स’मध्ये मिसिसिपीचा पंधरा आठवड्यांचा कायदा ६-३ ने टिकला, पण ‘रो’ उलटवायला पाचच न्यायमूर्ती होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स पहिल्यात होते, दुसऱ्यात नव्हते. गर्भनिरोधकं आणि समलिंगी विवाह यांच्या निकालांचाही फेरविचार करावा, असं फक्त न्यायमूर्ती थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिलं. ते ‘न्यायालयाने म्हटलं’ म्हणून अजूनही फिरतं.

पक्षकारांकडेही पाहा. २७ जून २०२५ च्या ‘महमूद विरुद्ध टेलर’ निकालाने मेरिलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या पालकांना समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रांच्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासांतून आपली मुलं बाहेर ठेवण्याची अंतरिम मुभा दिली, ६-३ ने. ‘ख्रिस्ती उजव्यांचा विजय’ म्हणून तो गाजला. पालकांत मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स असे सगळे होते. ओक्लाहोमात तर सरकारी पैशावर कॅथलिक चार्टर शाळा (चार्टर म्हणजे सरकारी पैसा, पण व्यवस्थापन स्वतंत्र) काढायला राज्याच्या रिपब्लिकन ॲटर्नी जनरलनेच विरोध केला आणि रिपब्लिकन गव्हर्नर शाळेच्या बाजूने होते. मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती बॅरेट बाजूला राहिल्याने ४-४ अशी बरोबरी झाली. बरोबरी झाली की खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम राहतो, पण देशासाठी पायंडा पडत नाही.

धर्मस्वातंत्र्य हा कायम उजव्यांचाच मुद्दा होता असंही समजू नका. १९९० मध्ये धार्मिक सवलती आखडणारा ‘स्मिथ’ निकाल परंपरावादी न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिला. तो बोथट करणारा १९९३ चा कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला आणि सही बिल क्लिंटन यांची होती.

कायद्याचा मसुदाच उघडा: भिंतीवरचं एक पोस्टर

१९ जून २०२४ रोजी लुइझियानात दहा आज्ञांचा कायदा झाला. मसुदा छोटा आहे, पूर्ण वाचता येतो. प्रत्येक सरकारी शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या वर्गात किमान ११ बाय १४ इंचांचं पोस्टर किंवा चौकट. आज्ञांचा मजकूर मध्यभागी, मोठ्या आणि सहज वाचता येणाऱ्या अक्षरांत. सोबत अमेरिकी शिक्षणात आज्ञांचं स्थान सांगणारं इतिहासाचं टिपण. शाळेने स्वतःचा पैसा घालण्याची सक्ती नाही, देणगी चालेल. टेक्ससने २०२५ मध्ये असाच कायदा केला, माप १६ बाय २० इंच.

आता मागे जा. केंटकीने १९७८ मध्ये नेमका १६ बाय २० इंचांचा फलक, खासगी पैशातून, खाली धर्मनिरपेक्ष उपयोग सांगणाऱ्या बारीक अक्षरांतल्या ओळीसह लावायला सांगितला होता. १९८० मध्ये ‘स्टोन विरुद्ध ग्रॅहम’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो ५-४ ने रद्द केला. मग पुन्हा तोच प्रयोग का? कारण ‘स्टोन’ ज्या १९७१ च्या ‘लेमन’ कसोटीवर (कायद्याचा हेतू धर्मनिरपेक्ष हवा, ही तिची एक अट) उभा होता, ती कसोटी न्यायालयाने २०२२ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेच्या प्रकरणात सोडून दिली आणि इतिहास व परंपरा पाहायचं ठरवलं. इतिहासाचं ते टिपण मसुद्यात कशासाठी आलं, ते इथे कळतं. मधला एक टप्पाही लक्षात ठेवा: २७ जून २००५ या एकाच दिवशी न्यायालयाने टेक्ससच्या विधानभवनाबाहेरचा आज्ञांचा दगडी स्तंभ ५-४ ने ठेवला आणि केंटकीच्या न्यायालयांतले फलक ५-४ ने काढायला लावले.

पोस्टरवरच्या मजकुराकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्यू, कॅथलिक आणि रिफॉर्म्ड प्रॉटेस्टंट या तिघांची आज्ञांची मोजणी वेगळी आहे. कोरीव मूर्ती करू नको ही रिफॉर्म्ड परंपरेत वेगळी दुसरी आज्ञा. कॅथलिक आणि लुथरन ती पहिलीतच धरतात आणि लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. लुइझियानाच्या मजकुरात आज्ञांना क्रमांकच नाहीत. कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत धर्मगुरूही आहेत, आणि त्यांची तक्रार हीच की सरकारने शास्त्राची एक आवृत्ती निवडून अधिकृत केली.

टक्के वाचताना

‘इव्हँजेलिकल’ कोणाला धरलं ते आधी शोधा. मतदानोत्तर चाचणीत माणूस स्वतःला तसं म्हणवतो का, एवढंच विचारतात. काही पाहण्या तो कोणत्या पंथाच्या चर्चला जातो ते बघतात. काही त्याची श्रद्धा तपासतात. तिन्ही पद्धतींनी गट वेगळा निघतो आणि त्याचं मतही. २०१६ मध्ये ८१ टक्के इव्हँजेलिकलांनी ट्रम्पना मत दिलं, हा आकडा श्वेतवर्णीय आणि मतदान केलेल्यांचा आहे. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि घरी बसलेले त्यात नाहीत.

मग नमुना. ढोबळ सूत्र: ९८ ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. हजार लोकांच्या चाचणीत चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे. पण पीआरआरआय या संस्थेच्या २०२४ च्या मोजणीत श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल लोकसंख्येच्या १३ टक्के होते (२००६ मध्ये २३). म्हणजे हजारांत १३० जण, आणि त्यांच्यापुरती चूक साडेआठ टक्क्यांच्या वर जाते. ‘महिन्यात पाठिंबा पाच टक्क्यांनी घसरला’ ही बातमी अशा चाचणीवर उभी असेल तर सोडून द्या.

‘ख्रिस्ती राष्ट्रवाद’ हा शिक्का मोजतानाही हेच. पीआरआरआय पाच विधानं देऊन सहमती विचारते आणि त्यावरून सुमारे १० टक्के कट्टर आणि २० टक्के सहानुभूतीदार काढते. प्यूने २०२२ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला तेव्हा ४५ टक्के म्हणाले की अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र असावं. पण त्यांच्या मनातला अर्थ कोणाचा कायद्याचा, तर कोणाचा नुसता चांगुलपणाचा होता. आयडाहोतल्या मॉस्को गावचे पाळक डग विल्सन हे नाव स्वतःहून लावतात, तिथे शिक्का चिकटवायला हरकत नाही. गर्भपाताला विरोध करणाऱ्या प्रत्येक आजीला तो लावणारा लेख आळशी आहे.

चर्चमधून प्रचार: काय चालतं

१९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करमुक्त धर्मादाय संस्थेला, म्हणून चर्चलाही, उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात उतरता येत नाही. मुद्द्यांवर बोलणं, मतदार नोंदणी, तटस्थ माहितीपत्रक चालतं. प्रत्यक्षात कारवाई जवळजवळ होत नाही. गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या एका चर्चचं: १९९२ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि १९९५ मध्ये करसवलत गेली. जुलै २०२५ मध्ये कर खात्याने टेक्ससच्या न्यायालयात मांडलेल्या समझोत्याच्या मसुद्यात, उपासनेच्या वेळी आपल्याच लोकांशी केलेलं बोलणं प्रचारात धरू नये असं म्हटलं. ‘चर्चना प्रचाराची मोकळीक’ असा मथळा त्यावरून काढणं म्हणजे मसुदा न वाचणं.

एक बातमी घेऊन सराव

१० नोव्हेंबर २०२५ चा मथळा घ्या: ‘समलिंगी विवाहावर सर्वोच्च न्यायालयाचं पुन्हा शिक्कामोर्तब’. प्रकरण केंटकीच्या माजी काउंटी क्लार्क किम डेव्हिस यांचं. २०१५ मध्ये विवाह परवाने द्यायला नकार दिल्याने त्या पाच दिवस तुरुंगात होत्या.

कोण? माजी अधिकारी. कोणत्या चर्चच्या? अपोस्टॉलिक पेंटेकोस्टल, जे त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) शिकवण मानत नाहीत. बॅप्टिस्ट आणि कॅथलिक त्यांच्या धर्मशास्त्राशी सहमत नाहीत, तरी अनेक जण त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कोणत्या पक्षाच्या? नकार दिला तेव्हा डेमोक्रॅट. रिपब्लिकन त्यानंतर झाल्या. प्रश्न कोणता? मुख्यतः नुकसानभरपाई टाळण्याचा. ‘ओबरगेफेल’ उलटवण्याची विनंती त्याला जोडलेली. आणि न्यायालयाने केलं काय? याचिका सुनावणीला घेतली नाही, कारणही दिलं नाही. सुनावणीला नऊपैकी चार मतं लागतात, ती मिळाली नाहीत. नकाराने विवाहाच्या हक्काबद्दल काहीच ठरत नाही. जुना निकाल होता तसा राहतो. मथळ्यातला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द खोडा आणि शेजारी ‘दखल नाकारली’ असं लिहा.